मेंढरं राखणारा पोर माळव्याचा धनी कसा झाला?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मल्हारराव होळकर लहानपणी मामाकडं मेंढरं राखत होते, पुढं घोडदळात शिरले आणि बघता बघता माळव्याचे धनी झाले. हे पराक्रमानं झालं, नशिबानं झालं, की बाजीरावांच्या मेहेरबानीनं? आणि त्यांना राजा म्हणायचं का? भाषणासाठी गोष्टी तुमच्याकडं भरपूर आहेत, पण हे नेमकं घडतं कसं ते कुठं सापडत नाही, असं तुम्ही लिहिलंय.

मी तीस वर्षांहून जास्त काळ मोडी कागद वाचतो आहे. त्यातले निम्म्याहून अधिक सरंजामाचे, म्हणजे कोणत्या सरदारानं कोणत्या मुलखातून काय वसूल घ्यावा आणि त्याबदल्यात किती स्वार ठेवावेत याचे. त्यामुळं माझं उत्तर त्या बाजूनं येणार हे आधीच सांगून ठेवतो. लढायांचा अभ्यास करणारा माणूस तुम्हाला वेगळं सांगेल, आणि त्याचंही चूक नसेल.

तुम्ही दिलेली तिन्ही कारणं खरी आहेत. अडचण एवढीच, की ती तिन्ही ज्यांच्या वाट्याला आली असे स्वार त्या काळात शेकड्यांनी होते. तलवार चालवणारे होते, नशीबवान होते, पेशव्यांच्या मर्जीतलेही होते. त्यातल्या बहुतेकांची नावं आज हजेरीच्या यादीपलीकडं सापडत नाहीत. म्हणून मी प्रश्न जरा बदलून घेतो. स्वाराला लढाईत जे मिळतं ते साधारणपणे पुढच्या उन्हाळ्यापर्यंत संपतं. मल्हाररावांनी मिळवलेलं टिकलं कसं, आणि त्यांच्या पश्चात त्यांच्याच घरात राहिलं कसं? याचं उत्तर सापडलं की राजा म्हणायचं का तेही आपोआप सुटतं.

सुरुवात थोडक्यात सांगतो, कारण ती तुम्हाला माहीत आहे. जन्म १६९३ चा, नीरा नदीकाठच्या होळ गावचा. त्या गावावरूनच होळकर. वडील खंडोजी लवकर गेले. आई पोराला घेऊन माहेरी, खानदेशात तळोद्याला भावाकडं आली. मामा भोजराज बारगळ. मुलगा मेंढरं राखताना झोपला आणि नागानं त्याच्यावर फणा धरली, ही कथा तुमच्या भाषणात असेलच. जरूर सांगा, पण कथा म्हणून सांगा. ज्याला वंशावळ दाखवता येत नाही, अशा मोठ्या झालेल्या माणसाभोवती लोक अशी कथा उभी करतात. तिच्यातून त्या मुलाबद्दल फार कळत नाही. एवढी मोठी चढण लोकांना किती अचंब्याची वाटली, ते मात्र कळतं.

कथेच्या नादात एक साधी गोष्ट मागं पडते. मामाकडं मेंढरं होती तशीच थोडी घोडीही होती. खानदेशातले सरदार कंठाजी कदम बांडे यांच्या चाकरीत मामाचं एक लहानसं पथक होतं. पोरका मुलगा घोड्याजवळ पोचला तो असा. पुढं मामानं आपली मुलगी गौतमाबाई त्यांना दिली. हे नाव लक्षात ठेवा, त्यांच्याकडं आपल्याला परत यायचं आहे.

आता घोड्याचं गणित बघू, कारण सगळं त्यावर उभं आहे. मराठी फौजेत दोन प्रकारचे स्वार. बारगीर म्हणजे ज्याचं घोडं आणि हत्यार सरकारचं किंवा सरदाराचं. त्याला पगार कमी. शिलेदार म्हणजे जो स्वतःचं घोडं घेऊन चाकरीला येतो. त्याला पैसे जास्त, पण घोडं पडलं तर नुकसान त्याचं. मोहिमेवर निघण्याआधी शिलेदाराला आगाऊ रक्कम द्यावी लागे, तिला नालबंदी म्हणत. आता विचार करा, एखाद्याच्या हाताखाली पाचशे स्वार आहेत. रोज पाचशे घोड्यांची चंदी, गवत, पाणी. पावसाळ्यात चार महिने छावणी, तेव्हा लूट नाही पण खाणं आहे. पाचशे स्वारांचा नायक होणं म्हणजे पाचशे घरांचा खर्च डोक्यावर घेणं. ज्याला हा खर्च भागवता येत नाही त्याचे शिलेदार दसऱ्याला दुसऱ्याच्या निशाणाखाली उभे राहतात. त्यात बेइमानी काही नव्हती, ती रीतच होती.

मल्हारराव १७२१ च्या सुमारास बाजीरावांकडं आले आणि १७२५ पर्यंत पाचशे स्वारांचं पथक त्यांच्या हाताखाली होतं. म्हणजे चार वर्षांत हा माणूस माणसं धरून ठेवायला शिकला होता. त्यांच्या आयुष्यातली पहिली मोठी गोष्ट मी हीच मानतो. पालखेडची लढाई त्यानंतर येते.

बाजीरावांनी त्यांना का उचललं? मेहेरबानी हा शब्द इथं मला अपुरा वाटतो. बाजीराव १७२० साली पेशवे झाले तेव्हा विशीत होते. साताऱ्याच्या दरबारात प्रतिनिधी होते, सेनापती दाभाडे होते, जुनी मातब्बर घराणी होती. ती पेशव्यांना बरोबरीचे समजत, काही तर खालचे समजत. त्यांच्या फौजा त्यांच्या स्वतःच्या, त्यांची वतनं आधीची, त्यांचा मान छत्रपतींकडून आलेला. अशा माणसांना घेऊन नर्मदेपलीकडं उडी मारता येत नाही. बाजीरावांना अशी माणसं हवी होती ज्यांना पेशव्यांशिवाय दुसरा आधार नाही, ज्यांचं घर अजून बांधून व्हायचं आहे. राणोजी शिंदे कण्हेरखेडचे, मल्हारराव होळचे. मोठं कूळ नसणं ही त्या घटकेला उणीव नव्हती, तीच त्यांची पात्रता ठरली. भाषणात तुम्ही 'हलक्या कुळातून वर आले तरीसुद्धा' असं म्हणणार असाल, तर त्यातलं 'तरीसुद्धा' जरा तपासून बघा. त्या दहा-पंधरा वर्षांपुरतं तिथं 'म्हणूनच' बसतं.

याचा पुरावा हवा असेल तर मल्हाररावांच्या पहिल्या धन्याकडं बघा. कंठाजी कदम बांडे हे सुरुवातीला कितीतरी मोठे सरदार होते. खानदेश-गुजरातेत त्यांचा दरारा होता. पण १ एप्रिल १७३१ ला डभईच्या लढाईत ते त्रिंबकराव दाभाड्यांच्या बाजूनं बाजीरावांविरुद्ध उभे होते. दाभाडे पडले, बाजी उलटली, आणि बांड्यांचं नाव हळूहळू मागं सरलं. चाकर योग्य वेळी निघून आला होता. यात नशीब किती आणि जाण किती, हे मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. पण ज्या माणसानं पुढं आयुष्यभर वारं कुठून वाहतंय ते अचूक ओळखलं, त्यानं इथंही ओळखलं असावं असा माझा कौल आहे.

लढाया मी भरभर सांगतो. फेब्रुवारी १७२८ मध्ये पालखेडला निजामाची कोंडी झाली. त्याच्या अवजड तोफा मागं राहिल्या, दाणागोटा आणि पाणी तुटलं, आणि मार्च महिन्यात मुंगी-शेवगावचा तह त्याला करावा लागला. रसद तोडणाऱ्या पथकांत मल्हारराव होते. त्याच वर्षी नोव्हेंबरच्या अखेरीस अमझेऱ्याला चिमाजी अप्पांच्या फौजेनं मोगलांचा माळव्याचा सुभेदार गिरिधर बहादूर आणि त्याचा नातलग दया बहादूर यांना एकाच लढाईत मारलं. तिथंही होळकर होते, उदाजी पवार होते. माळव्याचं दार उघडलं ते या लढाईनं.

दार उघडलं म्हणजे घर आपलं झालं असं नाही. इथून पुढचा भाग जरा सावकाश वाचा.

बाजीरावांचे वडील बाळाजी विश्वनाथ यांनी १७१९ साली दिल्लीहून ज्या सनदा आणल्या त्या दख्खनच्या सहा सुभ्यांच्या चौथाई-सरदेशमुखीच्या होत्या. चौथाई म्हणजे वसुलाचा चौथा हिस्सा, सरदेशमुखी म्हणजे दहावा. त्या चौथाईची आतली वाटणी ठरलेली होती: शेकडा २५ राजबाबती छत्रपतींची, ६ साहोत्रा आणि ३ नाडगौडा हे इतर लहान हिस्से, आणि उरलेले ६६ मोकासा, म्हणजे सरदाराचा वाटा. हा आकडा मी नव्या विद्यार्थ्यांना पहिल्या दिवशी पाठ करायला लावतो. शंभरातले सहासष्ट सरदाराकडं. मराठी सत्ता इतक्या वेगानं का पसरली आणि पुढं मध्यवर्ती हात सैल का पडला, या दोन्हींची मुळं या एका आकड्यात आहेत.

पण माळवा त्या सहा सुभ्यांत नव्हता. तिथल्या वसुलाला बादशाही मान्यता मिळाली ती १७४१ साली, जेव्हा माळव्याची सुभेदारी रीतसर पेशव्यांकडं आली. म्हणजे अमझेऱ्यापासून तेरा वर्षं मराठे माळव्यात जे गोळा करत होते त्याला आधार तलवारीचा आणि गावोगावच्या चौधरी-कानूनगो-मंडलोई या वतनदारांशी केलेल्या समजुतींचा. या तेरा वर्षांत जो सरदार तिथं टिकून बसला, ज्याचे कमाविसदार, म्हणजे वसुली अधिकारी, दरवर्षी त्याच गावात त्याच वेळी पोचले, मुलूख त्याचा झाला. सनद मागाहून आली.

पेशव्यांनी माळव्याची वाटणी शिंदे, होळकर, पवारांत केली ती १७३२ च्या आसपास. ती उदारपणे केली असं समजू नका. बाजीराव कर्जात बुडालेले होते. आपले गुरू ब्रह्मेंद्रस्वामी यांना लिहिलेल्या त्यांच्या पत्रांत सावकारांच्या तगाद्याचं दुःख उघड दिसतं. फौजेला रोख द्यायला पैसा नाही, तर मग वसुलाचा हक्कच द्यायचा: हा मुलूख घ्या, यातून तुमची फौज पोसा, हुजूर, म्हणजे पेशव्यांचं सरकार, बोलावेल तेव्हा इतक्या स्वारांनिशी हजर व्हा. यालाच फौजेचा सरंजाम म्हणतात. सरदाराच्या स्वतःच्या खर्चासाठी वेगळा तुकडा तोडून दिलेला असतो तो जात सरंजाम.

इथं माझ्या उमेदवारीच्या काळातली एक चूक सांगतो, कारण तीच चूक तुमच्याही भाषणात होऊ शकते. एका घराण्याच्या कागदात सरंजामाची नोंद वाचून मी टिपणात लिहून ठेवलं, की हा मुलूख त्या घराण्याला कायमचा मिळाला. माझ्या गुरूंनी ते टिपण परत केलं आणि विचारलं, 'पुत्रपौत्रादि वंशपरंपरेनं' हे शब्द यात कुठं आहेत ते दाखव. नव्हते. इनामाच्या सनदेत ते असतात. 'कुलबाब कुलकानू, हल्लीपट्टी व पेस्तरपट्टी' अशी सगळी हक्कांची माळच असते. सरंजाम मात्र चाकरीपुरता. सरदार मेला की तत्त्वतः तो सरकारात परत जायचा. मुलाला द्यायचा तर नव्यानं मानाची वस्त्रं, नव्यानं कागद आणि सरकारला नजराणा. शिवाय सरदाराच्या कचेरीत दिवाण, फडणीस, मुजुमदार असे दरकदार हुजुरातून नेमलेले. हिशेबावर आणि स्वारांच्या हजेरीवर त्यांची नजर. म्हणजे १७३२ चे मल्हारराव एका मोठ्या मुलखाचे धनी दिसत असले, तरी कागदानं ते पेशव्यांचे चाकरच होते. उदाजी पवारांचं काय झालं बघा. ते माळव्यात मल्हाररावांच्याही आधीपासून होते, पण पेशव्यांशी बिनसलं तसा त्यांचा वाटा भाऊ आनंदरावांकडं गेला. दिलेलं काढून घेता येत होतं आणि काढून घेतलं जात होतं.

मल्हाररावांनी हे पाहिलं होतं. आणि म्हणून, मला विचाराल तर, त्यांच्या आयुष्यातला सर्वांत महत्त्वाचा कागद एकाही लढाईशी जोडलेला नाही. तो १७३४ च्या जानेवारीतला आहे. कागदांवर तेव्हा जो सुहूर सन असतो, त्याप्रमाणं 'अर्बा सलासीन मया व अलफ', म्हणजे ११३४. त्यात ५९९ मिळवले की इसवी सन १७३३-३४ येतं. या साली मल्हाररावांच्या विनंतीवरून त्यांच्या पत्नी गौतमाबाईंच्या नावानं वेगळा मुलूख खासगी म्हणून मिळाला. दौलत वेगळी, खासगी वेगळी. दौलतीवर फौजेचा बोजा, खासगीवर नाही. दौलत सुभेदाराची, म्हणजे मल्हाररावांची, खासगी घरातल्या बाईची, आणि तिच्या मागं घरातल्या पुढच्या बाईची.

याचा अर्थ नीट ध्यानात घ्या. ज्याच्याकडं पिढीजात काही नव्हतं अशा माणसानं चढतीच्या काळात, तलवार जोरात चालू असताना, घराच्या पोटासाठी चाकरीवर न टांगलेला एक आधार मागून घेतला. आणि तोही स्वतःच्या नावानं नाही. स्वतःच्या नावानं असता तर सरंजामाच्या हिशेबात मिसळला असता, रणात मेलो तर वाद झाला असता. हे सुचणं मला पालखेडइतकंच मोठं वाटतं. मामानं दिलेल्या मुलीच्या नावावर होळकरांच्या राज्याचा पाया घातला गेला, असं मी म्हणतो ते याच अर्थानं.

त्याच वर्षी, एप्रिलमध्ये, आणखी एक गोष्ट घडली. राजपुतान्यातल्या बुंदीच्या गादीवरून काढलेल्या बुधसिंहाच्या राणीनं मराठ्यांची मदत मागितली. होळकर आणि शिंद्यांनी बुंदी घेतली, आणि राणीनं मल्हाररावांना राखी बांधली. फौज मागं फिरताच जयपूरच्या सवाई जयसिंहाच्या माणसांनी बुंदी परत घेतली, म्हणजे लष्करी हिशेबात हाती फार काही उरलं नाही. पण तळोद्याच्या माळावर मेंढरांमागं फिरलेला मुलगा बुंदीच्या हाडा राजपुतांच्या राणीचा भाऊ झाला. राजपुतान्यात कूळ म्हणजे सर्वकाही. तिथं हा मान तलवारीनं मिळत नाही, कोणीतरी द्यावा लागतो. राजेपणाचा हा दुसरा भाग आहे: इतर राजांनी तुम्हाला आपल्यात घेणं.

त्यातून पुढं जे झालं ते मात्र सगळंच गोड नाही, आणि भाषणात ते गाळू नका. सवाई जयसिंह १७४३ साली गेल्यावर ईश्वरीसिंह आणि माधोसिंह या त्याच्या मुलांत जयपूरच्या गादीचा तंटा लागला. मल्हाररावांनी माधोसिंहाची बाजू घेतली. १७५० च्या डिसेंबरात होळकरांची फौज खंडणीसाठी जयपूरवर येतेय हे कळल्यावर ईश्वरीसिंहानं विष घेतलं. माधोसिंह गादीवर बसला आणि रामपुरा-भानपुराचा मुलूख होळकरांकडं आला. जयपूरच्या गादीवर कोणी बसावं ते आता होळचा माणूस ठरवत होता. पण महिनाभरातच जयपूर शहरात मराठ्यांची मोठी कत्तल झाली, आणि ज्याला गादी मिळवून दिली तो माधोसिंहच पुढं वैरी झाला. पानिपतच्या वेळी राजपूत मदतीला आले नाहीत, त्याची एक मुळी या खंडणीच्या वर्षांत आहे. माझं मत विचाराल तर सरंजामाच्या पद्धतीचा हा दुसरा चेहरा आहे. फौज मोठी झाली की तिला दरवर्षी पैसा हवा, आणि तो पैसा मित्राकडून घ्यायचा की शत्रूकडून याची निवड करायला सवड उरत नाही.

अपयशंही होती. १७३७ साली यमुना ओलांडून ते दुआबात, म्हणजे गंगा-यमुनेमधल्या मुलखात, घुसले आणि जलेसरजवळ अवधचा सुभेदार सादतखान याच्या फौजेवर चालून जाताना अंदाज चुकला. मार खाऊन, माणसं गमावून यमुनेपार परतावं लागलं. सादतखानानं मराठ्यांचा फडशा पाडला म्हणून बादशहाला कळवलं, आणि ते खोटं पाडायला बाजीराव थेट दिल्लीच्या दारात जाऊन उभे राहिले. पुढं पानिपतात अब्दालीच्या बाजूनं उभा राहिलेला रोहिला सरदार नजीबखान १७५७ साली हाती सापडला होता, त्याला मल्हाररावांच्या भिडेखातर सोडलं गेलं. ही त्यांची सर्वांत महाग पडलेली चूक. पानिपतावर १४ जानेवारी १७६१ ला ते आपली फौज घेऊन रणातून निघाले, यावर अडीचशे वर्षं वाद चालू आहे. मी त्यात न्यायाधीश होणार नाही. एवढं मात्र कागदावर आहे, की त्याच वर्षी नोव्हेंबरात मांगरोळला त्यांनी माधोसिंहाच्या जयपुरी फौजेचा पराभव केला आणि पानिपतानंतर डळमळलेला माळवा-राजपुतान्याकडचा अंमल सावरला. वाचलेली फौज नसती तर हे झालं नसतं. रणात राहिले असते तर काय झालं असतं, याचं उत्तर माझ्या कागदांत नाही.

आता वारसा. सगळ्यांत अवघड पायरी हीच, आणि स्वतःच्या हिमतीवर वर आलेले बहुतेक सरदार इथं कोसळतात. मल्हाररावांचा एकुलता एक मुलगा खंडेराव १७५४ च्या मार्चमध्ये कुंभेरीच्या वेढ्यात गोळा लागून पडला. सून अहिल्याबाई सती निघाल्या, सासऱ्यांनी त्यांना अडवलं, हे तुम्हाला माहीत आहे. सहसा हे वात्सल्याची गोष्ट म्हणून सांगतात, आणि वात्सल्य त्यात होतंच. पण पुढच्या बारा वर्षांचा पत्रव्यवहार बघितला की आणखी काही दिसतं. १७६५ च्या एका पत्रात सासरे सुनेला सांगतात, की तोफखाना घेऊन ग्वाल्हेरकडं जा आणि दारूगोळ्याची तजवीज कर. घरात बसवून ठेवलेल्या विधवेला कोणी असं लिहीत नाही. दौलतीचा कारभार ज्याच्या हाती द्यायचा आहे त्याला असं लिहितात. असं पत्र हाती धरल्यावर, साठी-सत्तरीतला तो माणूस मागं काय ठेवून जाणार याची त्याला लागलेली चिंता दिसते, आणि दरवेळी माझा हात जरा थांबतो.

त्याच १७६५ च्या मे महिन्यात कोऱ्याजवळ इंग्रजांच्या तोफांपुढं मल्हाररावांच्या स्वारांचं काही चाललं नाही. घोड्याचा जमाना सरत चालल्याची ती खूण होती. पुढच्या वर्षी, २० मे १७६६ ला, आलमपूरला मोहिमेवर असतानाच ते गेले. गादी नातू मालेरावाला मिळाली, तोही १७६७ मध्ये गेला. आता होळकरांच्या घरात मुलगा नाही, नातू नाही. सरंजामाच्या नियमानं सगळं सरकारजमा व्हायला हरकत नव्हती. दिवाण गंगाधर यशवंत चंद्रचूड यांनी एखादा लहान मुलगा दत्तक घेऊन त्याच्या आडून कारभार चालवायचा बेत धरला, माधवराव पेशव्यांचे चुलते रघुनाथराव यांचा त्याला पाठिंबा होता, आणि त्यांची फौज इंदूरच्या रोखानं निघाली.

आणि इथं १७३४ चा कागद कामाला आला. अहिल्याबाई कुणाच्या दयेवर नव्हत्या. सासूच्या पश्चात खासगी त्यांच्याकडं होती. पैसा त्यांचा, कमाविसदार त्यांचे, गावोगावी ओळखणारी माणसं त्यांची. बारा वर्षं कारभार पाहिलेला. त्यांनी इतर सरदारांना पत्रं धाडली, फौज उभी केली आणि रघुनाथरावांना परतवलं. माधवराव पेशव्यांनी त्यांचा कारभार मान्य केला, फौजेचं काम मल्हाररावांच्या विश्वासातल्या तुकोजी होळकरांकडं गेलं. पुढं १७९५ पर्यंत महेश्वरहून जे राज्य चाललं ते सगळ्यांना ठाऊक आहे. घाट, मंदिरं, धर्मशाळा यांचा खर्च मोठ्या प्रमाणावर त्या खासगीतून झाला.

आता परत तुमच्या तीन कारणांकडं. पराक्रमानं त्यांना पाचशे स्वार दिले. बाजीरावांच्या गरजेनं त्यांना माळवा दिला. नशीब अधूनमधून दोन्हीकडून आलं. पण दिलेलं काढून घेता येऊ नये याची तजवीज त्यांची स्वतःची होती, आणि ती त्यांनी तीन ठिकाणी केली: मुलखात सातत्यानं बसून, घरातल्या बाईच्या नावानं हक्क लावून, आणि सुनेला कारभारात तयार करून. तुमच्या भाषणाला मी हा कणा देईन आणि लढाया त्याच्याभोवती लावीन. कोणत्या लढाईला किती वेळ द्यायचा ते तुमच्या श्रोत्यांवर आहे. शाळकरी मुलं असतील तर पालखेड जरूर खुलवून सांगा.

राहिला शेवटचा प्रश्न. राजा म्हणजे ज्याचा अभिषेक झाला, ज्याच्यावर कोणी धनी नाही, असं म्हणायचं असेल तर मल्हारराव राजे नव्हते. साताऱ्याला छत्रपती होते, पुण्याला पेशवे होते, आणि मल्हाररावांच्या कचेरीत हुजूरचा दिवाण बसत होता. राजा म्हणजे ज्याच्या मुलखात वसूल, न्याय, फौज आणि वारसा त्याच्या घराच्या हाती आहे असं म्हणायचं असेल, तर १७५० नंतर ते राजेच होते. मी माझ्या लिखाणात पहिली व्याख्या पाळतो आणि त्यांना सुभेदार म्हणतो. 'महाराजा' हे बिरुद त्यांच्या घराण्याला मागाहून लागलं. मराठी कागदांत त्यांचा उल्लेख सुभेदार असाच येतो, आणि होळकरांच्या दौलतीत नुसतं 'सुभेदार' म्हटलं की कुणाविषयी बोलणं चाललंय ते विचारावं लागत नसे.